स्टॅव्हुडीन

स्टॅव्हुडीन (संक्षेप: डी४टी) हे थायमिडीन या नैसर्गिक न्यूक्लिओसाइडात बदल करून तयार केलेले पिरिमिडीन न्यूक्लिओसाइड आहे. एचआयव्हीविरोधी औषध म्हणून त्याचा जगभर वापर झाला. मुंबईतील सिप्ला कंपनीने २००१ मध्ये देऊ केलेल्या स्वस्त औषधसंचाचा ते एक घटक होते.

रचना व कार्य

थायमिडीनमध्ये थायमिन ही आम्लारी (जीवनसत्त्व ब-१ म्हणजेच थायामिन, ते वेगळे) आणि डीऑक्सिरायबोज ही शर्करा असते. स्टॅव्हुडीनमध्ये थायमिन तसेच राहते, बदल शर्करेत होतो. तिच्या तिसऱ्या कार्बनवरील हायड्रॉक्सिल गट नसतो आणि दुसऱ्या व तिसऱ्या कार्बनांमध्ये दुहेरी बंध असतो. रेणुभार सुमारे २२४.२ आहे. पदार्थ पांढरा, स्फटिकी व पाण्यात विरघळणारा असून तोंडावाटे घेतल्यास चांगला शोषला जातो.

पेशीत गेल्यावर विकरे त्याला क्रमाने तीन फॉस्फेट गट जोडतात. यांतील पहिली पायरी सर्वांत संथ असते. तयार झालेला ट्रायफॉस्फेट विषाणूच्या रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज या विकराला थायमिडीन ट्रायफॉस्फेटसारखाच भासतो व डीएनएच्या साखळीत जोडला जातो. पुढचा घटक जोडण्यासाठी लागणारा हायड्रॉक्सिल गट नसल्याने साखळी तिथेच खुंटते.

मात्र हीच फसगत काही प्रमाणात मानवी तंतुकणिकांमधील डीएनए पॉलिमरेज गॅमा या विकराचीही होते. हातापायांची बधिरता व जळजळ, चेहऱ्यावरील व हातापायांवरील चरबी झडणे आणि क्वचित प्राणघातक ठरणारी लॅक्टिक आम्लता हे दुष्परिणाम त्यातून उद्भवतात.

इतिहास

जेरोम हॉर्विट्झ यांनी १९६६ मध्ये अमेरिकेत कर्करोगावरील औषधाच्या शोधात हे संयुग बनवले. त्याची एचआयव्हीविरोधी क्षमता येल विद्यापीठात पुढे आली आणि १९९४ मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली.

भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूवर नव्हे, तर केवळ उत्पादनप्रक्रियेवर पेटंट मिळत असे. त्यामुळे भारतीय कंपन्या वेगळ्या प्रक्रियेने तेच औषध बनवू शकत. त्या काळी तीन औषधांच्या उपचाराला वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येई. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाचे युसूफ हमीद यांनी स्टॅव्हुडीन, लॅमिव्हुडीन व नेव्हिरापीन यांचा संच ‘मेडिसिन्स सॅन्स फ्रॉन्टियर्स’ या संस्थेस प्रतिरुग्ण वार्षिक ३५० डॉलरला देऊ केला. भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून मोफत उपचार सुरू केले. आरंभीच्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते.

दुष्परिणामांमुळे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये स्टॅव्हुडीनचा वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्याची शिफारस केली. त्याच संचातील लॅमिव्हुडीन, तेही बदललेले पिरिमिडीन न्यूक्लिओसाइडच, मात्र आजही वापरात आहे.