कोपराला मार लागल्यावर हात का लुळा पडतो?



ओल्या फुटपाथवर पाय घसरला, कोपर आपटले, एक्स-रेत हाड शाबूत निघाले. आपण सुटकेचा श्वास टाकतो. पण तीन आठवड्यांनी सदऱ्याची बटणे लागत नाहीत, चहाचा कप निसटतो. 'वय झाले' म्हणून हे अंगावर काढू नका. एक्स-रेत हाड दिसते, नस म्हणजे मज्जातंतू दिसत नाही.

कोपराजवळून तीन मोठ्या नसा जातात. कोणते काम अडते त्यावरून दुखावलेली नस ओळखता येते.

अल्नर : कोपर आपटल्यावर झिणझिण्या आणणारी हीच. करंगळी व अनामिका बधिर होतात, बोटे फाकवता येत नाहीत.
रेडियल : मनगट व बोटे वर उचलत नाहीत.
मीडियन : अंगठा, तर्जनी व मधले बोट बधिर होते, चिमूट धरवत नाही.

एक सोपी परीक्षा : अंगठा आणि तर्जनीची कड यांत कागद धरा, दुसऱ्याने तो ओढावा. धरून ठेवताना अंगठ्याचे टोक वाकले, तर अल्नर नस अशक्त असण्याचा संभव असतो.

आपल्या हॅरोतील स्टॅनमोरच्या रॉयल नॅशनल ऑर्थोपेडिक हॉस्पिटलात काम केलेले सर हर्बर्ट सेडन यांनी १९४३ साली नसांच्या दुखापतीचे तीन प्रकार सांगितले. पहिल्यात नस फक्त सुन्न होते व बहुधा काही आठवड्यांत सुधारते. दुसऱ्यात आतले तंतू तुटतात, पण आवरण टिकते. तंतू रोज सुमारे १ मिलिमीटर वाढतात. म्हणून कोपरापासून पंजापर्यंत पोहोचायला वर्षही लागते. तिसऱ्यात नस पूर्ण तुटते, तेव्हा शस्त्रक्रिया लागते. नसेविना फार काळ राहिलेला स्नायू पुन्हा उभारी धरत नाही, म्हणून उशीर महागात पडतो.

नस व स्नायूंची विजेची तपासणी साधारण तीन आठवड्यांनंतर नीट उत्तर देते. डॉक्टरांना मात्र आधीच भेटा. जड वस्तू उचलताना 'कट्' आवाज झाला असेल, तर दंडाचा स्नायुबंध तुटलेला असू शकतो. त्याचा निर्णय काही दिवसांतच व्हावा लागतो. कधी दोष मानेतही असतो.

जी.पी.ला तीन गोष्टी सांगा : मार कधी लागला, कोणती बोटे बधिर आहेत, कोणते काम जमत नाही. मधुमेह असल्यास तोही सांगा.

बोटे थंड किंवा पांढरी पडली तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात समजून लगेच ९९९ फिरवा, इस्राएलमध्ये १०१.

रेफुआ शलेमा!