सेन्सर रुसला, घर रस्त्यातच थांबले

अमेरिकेत निवृत्तीनंतर मोटरहोम घेऊन फिरणारी अनेक जोडपी थंडीचे महिने ॲरिझोनाच्या वाळवंटात काढतात आणि ऊन तापू लागले की उत्तरेकडे निघतात. घर चाकांवरच असते. आत ओटा, पलंग, न्हाणीघर आणि मोठ्या गाड्यांत मागच्या बाजूला बसवलेले डिझेल इंजिन. महिनोन्‌महिने एका जागी उभी असलेली ही गाडी रस्त्याला लागते आणि तासाभरात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. द्रावाची टाकी भरलेली असते, इंजिन ठणठणीत असते, तरी गाडी सांगते की द्राव खराब आहे किंवा टाकी रिकामी आहे. दुर्लक्ष केले तर इंजिनाची ताकद कमी होत जाते आणि शेवटी वेग ताशी ५ मैलांवर, म्हणजे ८ किलोमीटरवर येतो. सायकलवाला सहज पुढे निघून जाईल, एवढाच. घाटात किंवा भोवती ट्रक धावत असताना असे झाले तर ती नुसती गैरसोय राहत नाही.

हा द्राव म्हणजे डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड, थोडक्यात डीईएफ. युरोपात आणि आपल्याकडेही तो ॲडब्लू या नावाने ओळखला जातो. त्यात ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि बाकी खनिजे काढून टाकलेले पाणी असते. तो डिझेलमध्ये मिसळायचा नसतो. वेगळ्या टाकीतून त्याचा बारीक फवारा गरम धुरावर उडतो, उष्णतेने युरियाचा अमोनिया होतो आणि पुढच्या उत्प्रेरकात हा अमोनिया नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे साध्या नायट्रोजन वायूत आणि पाण्याच्या वाफेत रूपांतर करतो. हे ऑक्साइड श्वासनलिकांचा दाह करतात आणि दम्याच्या रुग्णांचा त्रास वाढवतात. उन्हात त्यांच्यापासून जमिनीलगतचा ओझोन तयार होतो, शिवाय हवेतले सूक्ष्म कणही वाढतात. अमेरिकेत अवजड डिझेल इंजिनांना २०१० पासून याबाबतची कडक मर्यादा लागू झाली. द्राव न घालता गाडी चालवण्याचा मोह कोणाला होऊ नये म्हणून वेग तोडण्याची शिक्षा गाडीच्या संगणकातच बसवण्यात आली. अडचण अशी की मालकाने चलाखी केली की सेन्सर चुकला, हे संगणकाला कळत नाही.

सेन्सर पाहतो तरी कसा? टाकीच्या झाकणातून आत उतरणाऱ्या एका जोडणीत द्राव ओढणारी नळी, गोठलेला द्राव वितळवण्यासाठी इंजिनाचे गरम पाणी फिरवणारी गुंडाळी आणि पातळी, तापमान व दर्जा मोजणारी यंत्रणा एकत्र असते. बऱ्याच गाड्यांत दर्जा ध्वनीने मोजतात. माणसाला ऐकू न येणारी ध्वनिलहर द्रावातून सोडायची, ती समोरच्या पट्टीवर आपटून किती वेळात परतते ते पाहायचे. युरिया कमीजास्त झाला की ध्वनीचा वेग बदलतो. पातळीही अशीच, पृष्ठभागावरून परतणाऱ्या लहरीवरून कळते. पद्धत हुशार आहे, पण बुडबुड्यांपुढे तिचे काही चालत नाही. टाकी धसमुसळेपणाने भरली आणि हवा मिसळली, तर चांगला द्रावही तिला खराब वाटतो. म्हणून नुकताच द्राव भरला असेल आणि दिवा लागला, तर पहिला उपाय म्हणजे थांबणे. गाडी बंद करून बुडबुडे विरू द्यावेत आणि मग पुन्हा सुरू करून पाहावे.

खरोखर खराब झालेला द्रावही असतोच, आणि मोटरहोमच्या बाबतीत त्याची शक्यता ट्रकपेक्षा जास्त. ट्रक रोज धावतो, टाकी संपते आणि नवी भरली जाते. मोटरहोम मात्र उन्हात उभे असते. १० अंश सेल्सियसला ठेवलेला द्राव तीन वर्षे टिकतो, २५ अंशांना दीड वर्ष, ३५ अंशांना जेमतेम सहा महिने. उष्णतेने युरियाचे हळूहळू विघटन होते. थंडीची मात्र फारशी भीती नाही. द्राव उणे ११ अंशांना गोठतो, पण ३२.५ टक्के हे प्रमाणच असे निवडलेले आहे की पाणी आणि युरिया एकत्र गोठतात, एकत्र वितळतात आणि मिश्रण तेच राहते.

शंका असेल तर रिफ्रॅक्टोमीटर या छोट्या उपकरणाच्या काचेवर द्रावाचा थेंब टाकून प्रमाण पाहता येते. आकडा ३२.५ च्या आसपास असेल तर द्रावाला दोष देण्यात अर्थ नाही. आकडा भलताच आला तर टाकी पूर्ण रिकामी करून ताजा द्राव भरावा. धुवायचे असेल तर शुद्ध पाण्याने, नळाच्या पाण्याने नव्हे. नळाच्या पाण्यातले क्षार पुढे उत्प्रेरकावर जाऊन बसतात आणि तो नुकसानीचा हिशेब सेन्सरपेक्षा कितीतरी मोठा असतो. टाकीत चुकून डिझेल गेले असेल तर गाडी सुरूच करू नये.

द्राव चांगला निघाला की मग विजेकडे वळायचे. लांब मुक्कामाला उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी अशक्त झालेली असते आणि कमी व्होल्टेजवर सेन्सर काहीबाही सांगतो. हे तपासायला पैसे पडत नाहीत, तरी ते बहुधा शेवटी आठवते. टाकीजवळचा कनेक्टर उघडून पाहावा. पांढरी पूड दिसली तर तो सुकलेला युरिया. कोमट पाण्याने तो विरघळतो, पण जोडणी पूर्ण कोरडी करूनच परत लावावी. फॉल्ट कोड वाचणारे यंत्र असेल तर कोड आधी लिहून ठेवावा. १७६१ हा क्रमांक पातळीचा, ३३६४ दर्जाचा, ३०३१ टाकीतल्या तापमानाचा. तिन्ही एकदम आले, तर द्राव एकाच वेळी कमी, खराब आणि गरम झाला असे मानण्यापेक्षा वायरिंगवर संशय घेणे शहाणपणाचे. दुरुस्तीनंतर दिवा लगेच विझेलच असे नाही, संगणकाला खात्री पटेपर्यंत काही अंतर चालवावे लागते.

इतके करूनही दोष राहिला तर सेन्सर बदलावा लागतो. २०२१-२२ मध्ये चिपच्या जागतिक टंचाईने तोच मिळेनासा झाला. लोक गाडीत राहत होते आणि गाडी गॅरेजच्या अंगणात उभी होती. काही इंजिन उत्पादकांनी नियामकांच्या संमतीने वेग न तोडणारे तात्पुरते सॉफ्टवेअर दिले. त्याच काळात सेन्सरऐवजी सगळे ठीक असल्याचा खोटा संदेश देणाऱ्या डब्या विकल्या जाऊ लागल्या. अडकलेल्या माणसाचा वैताग समजण्यासारखा आहे, पण अशी डबी बसवणे अमेरिकेत बेकायदा आहे. शिवाय ती लावली की द्राव खराब झाला तरी कळत नाही आणि न शुद्ध झालेला धूर मागच्यांच्या नाकात जात राहतो.

आपल्याकडे मोटरहोम क्वचित दिसते, पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाल्यावर हाच द्राव ट्रक आणि बसगाड्यांत सर्रास वापरला जाऊ लागला. महामार्गावर त्याला सरळ युरियाच म्हणतात आणि त्यातून घोटाळा होतो. शेतीच्या युरियावर कडुनिंबाचे तेल चढवलेले असते, त्यात इतर अशुद्धीही असतात. तो पाण्यात कालवून टाकीत ओतला तर सेन्सरने केलेली तक्रार खरीच असते.

अमेरिकेत मात्र तक्रारींचा रेटा इतका वाढला की ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नवी मार्गदर्शक सूचना काढली. दिवा लागल्यापासून वेग तुटेपर्यंत आता तासांऐवजी बराच मोठा अवधी मिळावा, असे तिचे स्वरूप आहे. जुन्या गाड्यांना हा लाभ उत्पादकाने सॉफ्टवेअर बदलून दिले तरच मिळतो, म्हणून हंगामापूर्वीच्या सर्व्हिसिंगला गेलेल्या मालकाने बॅटरीसोबत त्याचीही विचारणा करावी. आणि द्रावाचा नवा डबा घेताना त्यावरची तारीख वाचावी, कारण दुकानाच्या खिडकीत उन्हात राहिलेला डबा सीलबंद असूनही जुना झालेला असू शकतो.