चिकातून हुरड्यात, हुरड्यातून मोडात

वाघोली 2021 साली पुणे महापालिकेत गेली, तरी नगर रस्त्यापासून आत, बांधकामांच्या पत्र्यांपलीकडे रब्बी ज्वारीची एखादी पट्टी अजून दिसते. तिथे निसवलेल्या कणसातले दाणे चिमटीत दाबून पाहायचा मला नाद आहे.

फुलोरा संपून आठवडा-दीड आठवडा झाला, की दाण्यातून पांढरा चीक येतो. हा भ्रूणपोष, म्हणजे बीजाचा शिधा. परागातला एक पुंयुग्मक अंडपेशीला मिळून गर्भ होतो. दुसरा शेजारच्या मध्यपेशीतल्या दोन केंद्रकांना मिळून हा शिधा तयार होतो. म्हणून ज्वारीच्या गर्भपेशीत गुणसूत्रं 20, भ्रूणपोषात 30. आईचा वाटा बापाच्या दुप्पट! आधी नुसती केंद्रकं वाढतात, पेशीभित्तिका मागाहून येतात. नारळाचं पाणी म्हणजे हाच भाग, पातळ राहिलेला.

पुढे साखरेचं पिष्ट होत जातं. हुरडा ही मधली वेळ: दाणा नखाला मऊ लागतो, पण चीक उडत नाही, आणि थोडी साखर अजून शिल्लक असते. ही वेळ जेमतेम आठवडाभर टिकते. गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेलं कणीस चोळताना उशीर झाल्याचं हातालाच कळतं. तसला टणक, बेचव हुरडा दह्या-चटणीच्या जोरावर खपवणारे पुष्कळ आहेत. खरा हुरडा नुसताच खावा.

पक्व दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका येतो, म्हणजे ताटाकडून येणारी रसद बंद. दाणा वाळतो आणि पिष्ट भरलेल्या पेशी मरून जातात. जिवंत उरतात गर्भ आणि सालीखालचा पातळ थर.

तीच ज्वारी भिजवून फडक्यात बांधली आणि मोड चांगले लांबल्यावर दाबली, तर पुन्हा चीक येतो. हा शिधा संपत चालल्याचा. गर्भाला लागून असलेल्या पडद्यातून अमायलेज पाझरतं आणि पिष्टाची परत साखर होते. बार्लीत हे काम मुख्यतः सालीखालचा थर करतो, ज्वारीत हा पडदा.

मटकीची गोष्ट वेगळी. तिचा भ्रूणपोष शेंगेतच संपतो. साठा असतो तो दोन डाळिंब्यांत. मात्र मटकीसारखे ज्वारीचे मोड कच्चे खाऊ नका. कोंबात आणि मुळांत धुरीन असतं, त्यातून सायनाइड सुटतं. कोवळी ज्वारी चरून गुरं दगावतात ती यानेच.