उमेदीची आखणी

माण तालुक्यात एप्रिल सरत आला की सकाळी दहानंतर डोंगरावर टिकाव चालवणं शहाणपणाचं नसतं. त्यामुळे श्रमदान पहाटेच सुरू होतं. नीट उजाडलेलंही नसतं, आणि माळावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा तेवढ्या डोळ्यांत भरतात. येणाऱ्याला कुणी सूचना देत बसत नाही. आपल्या गटाच्या रेघेवर उभं राहायचं आणि खणायला लागायचं.

या रेघा आदल्या संध्याकाळी पडलेल्या असतात. मी ज्या गावात हे काम पाहायला आणि जमेल तसं करायला जात होते, तिथं आखणीला चारपाचच माणसं असायची. हायड्रोमार्कर म्हणजे आकडे घातलेल्या दोन उंच काठ्या, त्यांना जोडलेली पारदर्शक नळी आणि नळीत पाणी. एकानं काठी धरून थांबायचं, दुसऱ्यानं पुढं सरकायचं. दोन्हीकडचे पाण्याचे आकडे जुळले की दोन्ही जागा एका उंचीवर आल्या. तिथं खूण करायची आणि पुढं जायचं. खुणा जोडल्या की सलग समतल चराची रेघ तयार होते. त्यात चूक झाली तर फार महागात पडतं. चराला उतार राहिला तर पाणी जागच्या जागी मुरत नाही. ते एका टोकाला धावतं, तिथला भराव फोडतं आणि खाली नवी ओघळ पाडतं. असा चर न खणलेला बरा.

मला वाटायचं, एवढी मंडळी जमतात ती सकाळच्या घोषणांनी, गाण्यांनी. आखणीचं काम सांभाळणारे निवृत्त गुरुजी हसले. म्हणाले, “माणूस कामाला भीत नाही ताई. कुठनं सुरू करायचं, याला भितो. रेघ पडलेली असली की तो प्रश्नच उरत नाही.” काही दिवस खणून पाहिल्यावर त्यांचं म्हणणं पटलं. उजाड डोंगराकडं पाहिलं की हातपाय गळतात. दहा फुटांच्या रेघेकडं पाहून तसं होत नाही.

या दहा फुटांचाही एक हिशेब आहे. चर दोन फूट रुंद, एक फूट खोल. दहा फूट लांबीत वीस घनफूट माती निघते आणि तेवढ्या जागेत एका वेळी साडेपाचशे लिटरहून थोडं जास्त पाणी मावतं. गटाच्या प्रमुख काकू मात्र लिटरमध्ये कधी बोलत नसत. “जवळजवळ तीन पिंपं झाली आपली,” असं त्या काम संपताना सांगायच्या. टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्या बाईला पिंप म्हणजे किती पाणी, हे वेगळं समजावावं लागत नाही. चर एका पावसात भरतो, मुरतो आणि पुढच्या पावसात पुन्हा भरतो, हेही त्या सांगत. पण दुष्काळ हटणार, गाव सुजलाम होणार, असलं काही त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही. वचन जेवढं लहान, तेवढं ते पाळलं जाण्याची शक्यता मोठी, हे त्यांनी अनुभवानं ओळखलं होतं.

काकूंचा दुसरा नियम मला सुरुवातीला विचित्र वाटला. आठवड्यातले दोन दिवस प्रत्येकानं घरी थांबायचं. “काहींना या म्हणून सांगावं लागतं, काहींना येऊ नगा म्हणून,” त्या म्हणाल्या. सगळ्यात लवकर गळतात ते सगळ्यात जोरात सुरुवात करणारे. पहिल्या आठवड्यात एकट्यानं तीन माणसांचं खणणारा पोरगा दुसऱ्या आठवड्यात हाताला फोड, पाठीला उसण आणि मनात राग घेऊन घरी बसतो. राग कुणावर? जे आले नाहीत त्यांच्यावर. असा राग चावडीवर बोलला जाऊ लागला की पन्नास माणसं कमी होतात, हे काकूंनी पाहिलेलं होतं. म्हणून टिकाव चालवणारा आणि घमेलं उचलणारा यांची पाळी थोड्या थोड्या वेळानं बदलायची. ज्यांना खणणं झेपत नाही त्यांना हजेरी, पाणी, लहान मुलं, सैल झालेले टिकावाचे दांडे पाण्यात भिजवून पुन्हा घट्ट बसवणं अशी कामं. एक आजोबा रोज नुसते दगड निवडत बसत. ओघळीत रचायच्या दगडी बांधाला मोठे दगड बाहेरून आणि बारीक आतून लागतात, ती निवड त्यांची. त्यांच्या नावापुढे हजेरी पूर्ण लागायची.

या आजोबांना 1972 आठवत होतं. त्या दुष्काळात त्यांनी सरकारी कामावर खडी फोडली, पाझर तलावावर माती वाहिली, सुकडी खाल्ली. तेव्हा मजुरी मिळायची आणि तिच्यावर चूल पेटायची. आता बिनमजुरीचं खणायचं म्हटल्यावर आधी ते फिरकलेही नव्हते. का आलात, असं विचारलं तर म्हणाले, “तवा काम कुठं काढायचं ते सायेब ठरवायचा. आता आमी ठरवतो.”

या भागाला कामाची चटक लावली ती स्पर्धेनं, हे मान्य करायला हवं. पाणी फाउंडेशनचा सत्यमेव जयते वॉटर कप 2016 मध्ये वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीनच तालुक्यांत सुरू झाला आणि पुढं राज्यभर पसरला. 8 एप्रिल ते 22 मे असे पंचेचाळीस दिवस, गुणपत्रिका, शेजारच्या गावाशी चुरस, 1 मेला शहरातून महाश्रमदानाला येणारी माणसं. 2018 मध्ये तर माणमधल्याच टाकेवाडीनं पहिला क्रमांक काढला. 2019 नंतर हा कप राहिला नाही. मग शेवटची तारीख नाही, परीक्षक नाहीत, बक्षीस नाही. अशा वेळी डोंगरावर कोण जातं, हे पाहण्यात मला जास्त रस होता.

पण पुन्हा डोंगरावर जाण्याआधी पावसाची वाट बघण्याचे महिने पार पाडावे लागतात, आणि तेच सगळ्यात कठीण. माण पर्जन्यछायेत येतो. जूनचे ढग वरून निघून जातात, खरा भरवसा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसावर. म्हणजे मेमध्ये खणलेले चर निम्मा पावसाळा कोरडेच. “खड्डं खणून ठेवल्यात नुसतं,” हे वाक्य पारावर याच काळात ऐकू येतं. त्यावर वाद घालून उपयोग नसतो, कारण दाखवायला काहीच नसतं. गावानं यावर काढलेला उपाय म्हणजे हातांना काम आणि डोळ्यांना आकडा. भरावावर गवताचं बी टोकायचं, सांडव्याचे दगड नीट करायचे. आणि दर सोमवारी देवळाजवळच्या फळ्यावर दोन गोष्टी लिहायच्या. पर्जन्यमापकातला पाऊस आणि माथ्याकडची, मधली व पायथ्याची अशा तीन विहिरींतलं पाणी काठापासून किती फुटांवर आहे ते.

हा फळा उत्साह वाढवण्यासाठी नव्हता. कित्येक सोमवारी आकडा हलायचाच नाही, कधी खाली जायचा. तोही तसाच लिहिला जायचा. पण त्यामुळे बोलणं बदललं. काम फुकट गेलं की नाही यावरची हुज्जत मागं पडली. किती मिलिमीटर झाला आणि किती मुरला, यावर लोक बोलू लागले. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला तर दहा हजार लिटर होतो, हे शाळेतली मुलं घरी सांगू लागली. पाऊस आपल्या हाती नाही आणि मुरवणं आहे, हे दोन रकाने वेगळे झाले. वाईट वर्षाचा दोष मग माणसांवर येत नाही. मला वाटतं, नाउमेद होण्यापासून गावाला सर्वात जास्त कशानं वाचवलं असेल तर या वेगवेगळ्या रकान्यांनी.

फळ्यानं एक अडचणही उघडी पाडली. पायथ्याची विहीर आधी वर आली, माथ्याची जवळपास तशीच. डोंगराला लागून ज्यांची रानं, त्यांनी सर्वात जास्त खणलं आणि पाणी मात्र खालच्यांच्या पदरात पडलं. आपल्याकडच्या काळ्या खडकात पाणी फटींतून आणि मुरमाच्या थरांतून उताराकडं सरकतं, हे शास्त्र सगळ्यांना ठाऊक होतं. तेवढ्यानं समाधान होत नव्हतं. भूमिहीन कुटुंबांचा प्रश्न तर याहून अवघड. त्यांनी कशाच्या आशेवर खणायचं?

हा प्रश्न जुनाच आहे. विलासराव साळुंखे यांनी 1972च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावपासून पाणी पंचायतीचं काम उभं केलं, तेव्हा पाण्याचा हक्क जमिनीवर न ठेवता घरातल्या माणसांच्या संख्येवर ठेवला, भूमिहीनांनाही दिला आणि त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही असं ठरवलं. हिवरे बाजारनं पोपटराव पवारांच्या पुढाकारानं शेतीसाठी बोअर बंद केली आणि पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवायची रीत पाडली. या दोन्ही ठिकाणांची आपण हिरव्या शिवाराची छायाचित्रं पाहतो आणि जिद्दीची तारीफ करतो. वाटपाचे नियम मात्र कमी वेळा आठवतो. आपल्या घामाचं पाणी शेजाऱ्याच्या बोअरमध्ये जाणार, हे ज्याला कळून चुकलं, त्याला कितीही प्रेरणादायी व्हिडिओ दाखवा, तो दुसऱ्या वर्षी टिकाव उचलणार नाही. आणि त्यात त्याचं काही चुकतंय असंही नाही.

या गावात असा नियम अजून झालेला नाही. पाणी थोडं वर आल्यावर दोन नवी बोअर झाली, कांद्याचं क्षेत्र वाढलं. काही घरं कामातून बाजूला झाली. उरलेल्यांनी पद्धत बदलली. पंचेचाळीस दिवसांची झुंज सोडून आठवड्याला एक सकाळ, वर्षभर, सुगीचे आणि जत्रेचे दिवस वगळून. आता काम नवीन खणण्याचं कमी आणि राखण्याचं जास्त. चरांत गाळ बसतो, बांधाचे दगड गुरं पाडतात, सांडवा उकरला जातो. अशा कामाचे फोटो कुणी काढत नाही. माणसंही पूर्वीच्या मानानं फारच थोडी. मी काकूंना विचारलं, वाईट वाटत नाही का? त्या म्हणाल्या, “माणसं किती आली ते मी आता मोजत न्हाई. मी नसले तरी काम चालतंय का, तेवढं बघते.” त्या सकाळी आखणी दोन कॉलेजच्या मुली करत होत्या आणि गुरुजी नातवाच्या बारशाला परगावी गेले होते.

उन्हाळ्याआधीची सभा मी ऐकली. बोअरवर बंधन घालायच्या ठरावावरून आवाज चढले, पायथ्याकडचे दोघे उठून गेले, शेवटी विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला. त्यानंतर गाळ काढायची कामं निघाली. कुठल्या चरात किती गाळ, कुणाचा गट, कुठला आठवडा, याची यादी मुलींनी आधीच करून आणली होती. पंधरा मिनिटांत वाटणी झाली, उठून गेलेल्या दोघांची नावंही त्या यादीत तशीच ठेवण्यात आली आणि त्यांना निरोप द्यायची जबाबदारी काकूंनी स्वतःकडं घेतली.