पित्त समजून रात्र काढू नका

जठराचा कॅन्सर वस्तीत बरेचदा 'पित्त' म्हणून अंगावर काढला जातो. पण शौचाला डांबरासारखं काळं झालं किंवा उलटीत रक्त पडलं, तर आत रक्तस्राव होत असू शकतो. एकाएकी असह्य कळ येऊन पोट लाकडासारखं कडक झालं, तर जठराला छिद्र पडलेलं असू शकतं. अशा वेळी सकाळची वाट पाहू नका. खायला-प्यायला काही देऊ नका, १०८ ला फोन करा.

रक्तस्राव पुष्कळदा दुर्बिणीतून थांबवता येतो. छिद्राला मात्र बहुधा तातडीचं ऑपरेशन लागतं. ते आधी जीव वाचवण्यासाठी असतं. कॅन्सरचं मोठं ऑपरेशन काही वेळा नंतर होतं. म्हणून टाके निघाले की उपचार संपले असं समजू नका. बायोप्सीचा रिपोर्ट मागून घ्या. रेशनकार्ड, आधारकार्ड सोबत ठेवून महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा.