‘डिस्’ आणि आपला ‘दुर्’

काही वर्षांपूर्वी एक माता आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. मुलगा बोलण्यात चतुर. पण पुस्तक समोर आले की त्याला घाम फुटे. चाचण्यांनंतर मी ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द उच्चारताच त्यांनी विचारले, “म्हणजे काही डिसीज आहे का, डॉक्टरसाहेब? ह्याला वाचता येणारच नाही?”

घोटाळा शब्दाचाच होता. देवनागरीत दोन्ही ‘डिस्’ सारखेच दिसतात. ‘डिसीज’मधला लॅटिनमधून आलेला, वियोग वा अभाव दाखविणारा, इंग्रजीत तो ‘आय’ने लिहितात. डिस्लेक्सिया, डिस्प्निया, डिसेंट्री यांत ‘वाय’ असतो. तो ग्रीक ‘दुस्’ होय, आणि आपला संस्कृत ‘दुस्’ किंवा ‘दुर्’ हा त्याचा सख्खा भाऊ! दोघेही एकाच प्राचीन मूळ भाषेतून आलेले.

या उपसर्गाच्या छटा दोन. दुर्गंध, दुर्गुण यांत ‘वाईट’. दुर्गम, दुर्लभ यांत ‘कठीण’. वैद्यकात बहुधा दुसरी छटाच अधिक उपयोगी पडते. डिस्प्निया म्हणजे श्वास कष्टाने चालणे. श्वास थांबणे म्हणजे ॲप्निया. नवजात बालकांच्या कक्षात या दोहोंतील अंतर किती मोठे, हे आपणा सर्वांस ठाऊक आहेच. ॲप्नियातला नकारार्थी ‘अ’देखील संस्कृत ‘अ’चाच भाऊ. तेव्हा दुर्लभ निराळे आणि अलभ्य निराळे.

‘डिस्लेक्सिया’ हा शब्द रूडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रवैद्याने १८८७ साली आपल्या ग्रंथात मांडला, तोही मेंदूच्या विकाराने वाचन कठीण झालेल्या प्रौढांसाठी. मुलांमधील या अडचणीचे वर्णन प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये केले. त्यांचा चौदा वर्षांचा रुग्ण, सारे शिक्षण तोंडी असते तर, शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत होते. मॉर्गन यांनी मात्र या अवस्थेला ‘जन्मजात शब्दांधत्व’ म्हटले. त्या मानाने ‘डिस्’ पुष्कळच सौम्य.

त्या मातेला मी दुर्लभ व अलभ्य यांतील भेद सांगितला. त्यांचा चेहरा थोडा निवळला. पुढे २०१६च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला आणि अशा मुलांसाठी प्रमाणपत्राची वाट खुली झाली. त्यावर मात्र ‘डिसॅबिलिटी’ असे ‘आय’वाल्या डिस्‌नेच छापलेले असते. तो कागद हाती घेताना पालक पुन्हा तोच प्रश्न विचारतात, आणि मी पुन्हा ‘दुर्लभ’पासून सुरुवात करतो.