क्षेत्रीय ध्वनिमुद्रणातील आदानपातळी

अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गी हे कर्नाटकाच्या सीमेलगतचे गाव असून तेथे मराठी व कन्नड ह्या दोन्ही भाषा नांदतात. मराठीत ‘चार’ मधील तालव्य व ‘चारा’ मधील दन्त्य ‘च’ भिन्न आहेत. प्रमाण कन्नडात हा भेद नाही. द्विभाषिक निवेदक तो कितपत पाळतो, हे ठरविण्याचा आधार म्हणजे घर्षणाचा उच्च वारंवारतेचा ध्वनी. मुद्रण क्षीण झाल्यास तो यंत्राच्या खरखरीत बुडतो. मागाहून आवाज वाढविल्यास खरखरही तितकीच वाढते.

याउलट, अंकीय मुद्रकात शून्य डेसिबेल ही कमाल मर्यादा होय. ती ओलांडताच तरंगाची शिखरे छाटली जातात व गमावलेला भाग परत मिळत नाही. यास्तव मोठ्यात मोठा उच्चार उणे १२ डेसिबेलच्या आसपास राहील अशी योजना करावी. २४ बिटांच्या मुद्रणात एवढी मोकळीक सहज परवडते.

पातळी अपुरी वाटल्यास प्रथम मायक्रोफोन जवळ आणावा. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले असता पातळी सुमारे ६ डेसिबेलने वाढते. तो मुखासमोर न धरता किंचित बाजूस ठेवावा. अन्यथा महाप्राण व्यंजनांचा श्वास त्यावर आदळतो. तो ‘लाइन’ आदानास जोडलेला नाही, याचीही खात्री करावी. तेथे त्याच्या क्षीण संकेताचे पुरेसे वर्धन होत नाही.

स्वयंचलित पातळीनियंत्रण मात्र बंदच असावे. ते विरामांत खरखर उंचावते आणि आघाताची तुलना निरर्थक ठरविते. वृद्ध निवेदकाचे कथन दुसऱ्यांदा तसेच लाभत नाही. म्हणून आरंभीची अल्प चाचणी अनिवार्य समजावी.